हात वर न केलेला माणूस

नेपरव्हिल,
१२ जानेवारी २०२५

चि. उपासना,
पंडितमामाचा सप्रेम जयभीम.

पाकीट पाहून घाबरू नकोस, सगळे खुशाल आहेत. उभा जन्म पोस्टखात्यात काढलेल्या माणसाने भाचीला मोबाईलवर अंगठा पाठवावा, हे मला जमत नाही. मोबाईलवर असतो तो निरोप. पत्र म्हणजे पत्र. तूही उत्तर कागदावरच दे.

तर सांगायचं हे, की परवा सकाळी शेजारच्या मागच्या अंगणात मी एक प्रेत पाहिलं. आडवं नव्हे, उभं. गालिच्यात गुंडाळलेलं, दोरीने करकचून बांधलेलं आणि डोक्यावर निळी बादली. आजूबाजूला गुडघाभर बर्फ. मी तसाच ओरडत खाली आलो. आमचे चिरंजीव शैलेंद्र घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, त्यांनी नुसती मान हलवली. नीना म्हणाली, "बाबा, मला माहितीये. चार कंप्लेंट आल्यात त्याच्या." तुला ठाऊकच आहे, इथे सोसायटीला एचओए म्हणतात आणि आपली नीना तिची प्रेसिडेंट आहे. प्रेताचीही लेखी तक्रार घेऊन फाइल करणारी सून मला लाभली आहे.

मला राहवलं नाही. बूट चढवून शेजारी गेलो. दार उघडलं ते एका उंच, गोऱ्या, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने. आधी पोट बाहेर आलं, मग ते स्वतः. मी अंगणाकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "अंजीर." थंडीने झाड मरू नये म्हणून त्यांच्या गावाकडचे लोक असंच गुंडाळून ठेवतात म्हणे. मग त्यांनी मला घरात ओढलं आणि कॉफी पाजली. इतकी कडू, की अजून जीभ परत आलेली नाही.

भिंतीवर एक फोटो होता. टाय लावून फीत कापताना. मी विचारलं, "मंत्री होता काय?" म्हणाले, "मंत्र्याच्या खालचा. पोट मात्र मंत्र्याचं होतं." देश क्रोएशिया, तेव्हाचा युगोस्लाव्हिया. पक्ष कम्युनिस्ट. मी म्हटलं, गट किती होते? म्हणाले, एकच. मी म्हटलं, बाप्पा! मग तो पक्ष कसला? आमच्या रिपब्लिकन पक्षाचं सांगितलं तर त्यांना मोजताना हसू आवरेना.

नाव व्येकोस्लाव त्रबुहोविच. माझ्या टेबलावर हे नाव आलं असतं तर मी पाकीट 'पत्ता अपूर्ण' असा शिक्का मारून परत केलं असतं. मी त्यांना व्यंकोजी म्हणतो, ते ओ देतात. तुझी पीएच.डी. त्याच भागातली ना? काही उपयोग असला तर कळव.

तुझा,
पंडितमामा

---

ॲन आर्बर,
१९ जानेवारी २०२५

आदरणीय मामा,
जयभीम.

तुमचं पत्र बसमध्ये वाचलं आणि माझा स्टॉप गेला. मग पुढचाही गेला. शेवटी ड्रायव्हरने "मॅम, बस इथेच संपते" म्हणून उतरवलं, तेव्हा मी बर्फात उभी राहून एकटीच हसत होते.

मामा, ते माझं तिसरं प्रकरण आहे!

माझा थिसिस कशावर आहे हे तुम्ही दरवेळी विचारता आणि मी दरवेळी "इतिहास" म्हणून सुटते. तर ऐका. क्रोएशियातल्या कम्युनिस्ट राजवटीत जे पहिल्या रांगेत नव्हते, दुसऱ्या रांगेत होते, त्यांच्यावर मी लिहितेय. त्रबुहोविच त्यातलेच. बेटावर जन्म, तरुणपणी श्रमदानाच्या तुकडीत, मग एका डोंगरातल्या गावाचे नगराध्यक्ष, मग राजधानीत, झाग्रेबला, पर्यटन खात्यात. आणि मग १९७२ ची ती बैठक. आपल्याच चार सहकाऱ्यांना पक्षातून काढायचा ठराव होता. हॉलमधले सगळे हात वर झाले. एक सोडून. इतिवृत्तात एवढंच वाक्य आहे: "कॉम्रेड त्रबुहोविच यांनी हात वर केला नाही. ते शांत बसून होते." नंतर त्यांचं पद गेलं आणि कागदांमधूनही ते गेले. पुढे फक्त "माहिती उपलब्ध नाही".

मी त्यांना मेलेलं धरलं होतं, मामा. दोन ठिकाणी तसं लिहिलंय.

त्या एका न उचललेल्या हातावर माझं अख्खं प्रकरण उभं आहे. भाषण नाही, घोषणा नाही, नुसतं शांत बसणं. माझ्या गाईड बाई म्हणतात की पुरावा फार थोडा आहे, हे प्रकरण काढून टाक. काढलं तर थिसिसला पोटच उरत नाही.

प्लीज त्यांना एवढंच विचारा: त्या दिवशी हात वर का केला नाही? हळूच विचारा, घाबरवू नका. आणि हात जोडते, त्यांना व्यंकोजी म्हणू नका.

तुमची,
उपासना

---

नेपरव्हिल,
२ फेब्रुवारी २०२५

चि. उपासना,
जयभीम.

व्यंकोजींना विचारलं. आता मी रोजच जातो. आम्हा दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं आहे, त्यामुळे कोणाला कमीपणा वाटत नाही.

त्यांचं चरित्र मला पूर्ण कळलं आहे आणि ते सगळं जेवणातून गेलेलं आहे. श्रमदानाच्या तुकडीत रस्ता बांधायला गेले, तर मुकादमाने पोट बघून स्वयंपाकाला लावलं. त्यांच्या तुकडीचं सूप इतकं झकास की बाकीच्या तुकड्यांतले गडी पळून यांच्याकडे यायला लागले. वर रिपोर्ट गेला, की या पोराकडे जनसंघटनेचं कौशल्य आहे. झाले पक्षाचे सभासद!

मग डोंगरातल्या त्या गावाचे नगराध्यक्ष. वरून हुकूम आला, सार्डिन मासळी डबाबंद करायचा कारखाना काढा. समुद्र दोन डोंगररांगांपलीकडे. हा हुकूम दुसऱ्या कुठल्या गावाचा होता, चुकून यांच्याकडे आला होता. (पोस्टाची चूक, असं ते म्हणाले. मी निषेध नोंदवला.) यांनी कारखाना काढला. मासे समुद्रावरून ट्रकने वर यायचे, डब्यात बसायचे आणि विकायला ट्रकने परत समुद्रावर जायचे. पण अख्ख्या गावाला काम मिळालं. म्हणून बढती. म्हणून झाग्रेब.

आता तुझा प्रश्न. मी कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "साहेब, त्या दिवशी हात का नाही वर केला?"

ते अगदी सरळ आवाजात म्हणाले, "मी झोपलो होतो."

उपासना, अंगावर काटा आला गं! काय बोलला माणूस! म्हणजे तोवर आपण सगळेच झोपेत होतो, त्या दिवशी मला जाग आली, असंच ना? आपल्याकडेही समाज जागृत झाला असंच म्हणतात की. मी उठून त्यांचा हात हातात घेतला. ते काहीतरी सांगायला गेले, पण मी म्हटलं, बस, समजलं.

इकडे घरी वातावरण तापलं आहे. एचओएच्या बैठकीत नीना ठराव आणते आहे: अंगणात गुंडाळलेली कुठलीही वस्तू ठेवायची नाही. म्हणजे अंजीर सोडवा, नाहीतर तोडा. या थंडीत सोडवलं तर ते मेलंच. नीना म्हणते, "बाबा, मला एकाला सूट देता येत नाही. उद्या कोणी खरंच काही गुंडाळून ठेवेल."

मी आणि व्यंकोजी घरोघर जाऊन लोकांना भेटतो आहोत. नीनाला आम्ही वॉकला जातो असं सांगितलं आहे.

तुझा,
पंडितमामा

---

ॲन आर्बर,
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,

"मी झोपलो होतो." मामा, मी हे वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवलंय. गाईड बाईंना वाचून दाखवलं तर त्या खुर्चीवरून उठल्या. म्हणाल्या, एका वाक्यात एका पिढीचा कबुलीजबाब! प्रकरण काढायचं नाही, उलट वाढवायचं. एप्रिलमध्ये इथे युनिव्हर्सिटीत परिषद आहे, तिथे मी यावरच बोलतेय. विषय दिलासुद्धा: "झोप आणि जाग: एका न उचललेल्या हाताचा इतिहास."

आता एक दुसरी गोष्ट. काल नीनावहिनीचा फोन आला होता. तिने विचारलं, "उपासना, बाबा एवढे वॉकला का जातात? बाहेर इतकी थंडी आहे, आणि येताना प्रत्येक घरून केक खाऊन येतात. शुगर वाढलीये त्यांची." मी "मला नाही माहीत" म्हटलं. तुमच्यासाठी मी खोटं बोलले, मामा. आणि यार, वहिनी वाईट नाहीये. तिला रोज कोणाचे कोणाचे मेल येतात, कचऱ्याचे डबे, कुत्रे, बास्केटबॉलचा खांब. ऑफिस करून ती हे सगळं बघते आणि कोणी थँक यूसुद्धा म्हणत नाही. तिच्या विरोधात तिच्याच घरातून मतं फोडू नका.

साहेबांना मात्र काही होऊ देऊ नका. स्प्रिंग ब्रेकमध्ये मी येतेय, रेकॉर्डर घेऊन.

तुमची,
उपासना

---

नेपरव्हिल,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. उपासना,

बसलेली असशील तर वाच. उभी असशील तर आधी बस. बसमध्ये असशील तर उतर.

काल रविवारी दुपारी क्लबहाऊसमध्ये एचओएची बैठक झाली. नीना आणि शैलेंद्र खुर्च्या मांडायला लवकर गेले होते. मी व्यंकोजींना जेवायला बोलावलं. लढाईला उपाशी कोण पाठवतं? आपला नागपुरी मटण रस्सा केला, तर्री वर चांगली बोटभर. त्यांनी तीनदा रस्सा मागून घेतला, भात किती ते मी पाहिलं नाही. मग टाय लावला, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा लावला आणि आम्ही निघालो.

ते पहिल्या रांगेत बसले. ताठ. दोन्ही हात मांडीवर. नीनाने ठराव वाचला. दोघंतिघं बोलले. मग ती म्हणाली, "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा." उपासना, हात वर झाले. जवळजवळ सगळे! ज्यांच्या घरी आम्ही केक खाल्ला त्यांचेसुद्धा! मला मत नाही, मी मालक नाही, मी नुसता बघत होतो.

व्यंकोजी हलले नाहीत. मान ताठ, चेहरा दगडासारखा. नीनाने विचारलं, "मिस्टर त्रबुहोविच, तुम्हाला काही बोलायचंय?" उत्तर नाही. तिने पुन्हा विचारलं. उत्तर नाही. हॉलमध्ये अशी शांतता पसरली की हीटरचा आवाज ऐकू यायला लागला. कोपऱ्यातल्या घरातली एक आजीबाई आहे, तिने हळूच हात खाली घेतला. मग तिच्या शेजारच्याने. मग मागची अख्खी रांग. कोणीतरी म्हणालं, "आपण एका माणसाच्या झाडासाठी हे काय करतोय?" ठराव पडला! लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी. मी धावत गेलो, म्हटलं, "साहेब, जिंकलो!" आणि मिठी मारली.

आणि मग मला ऐकू आलं.

बारीक. लयीत. घर्र... फू. घर्र... फू.

मी हलवलं तर दचकून म्हणाले, "सुरू झाली का बैठक?"

घरी परत येताना मी विचारलं, "साहेब, बहात्तर साली..." ते म्हणाले, "मी तुला सांगितलं होतं, पंडित. तू माझा हात धरलास." त्या दिवशी बैठकीआधी जेवणाला कोकराचं भाजलेलं मटण होतं म्हणे. चौकशी अधिकाऱ्याला सांगितलं, मी झोपलो होतो. तो म्हणाला, म्हणजे पक्षाच्या धोरणाने तुम्हाला झोप येते? पद गेलं. शिकागोला आले, सॉसेजच्या कारखान्यात लागले. इथल्या क्रोएशियन मंडळींना सांगितलं, मी झोपलो होतो. ते म्हणाले, काय हा विनय! तेव्हापासून दरवर्षी त्यांना मेजवानी देऊन सत्कार करतात. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, माझ्यापुढे नको असला साधेपणा. पन्नास वर्षं माणूस खरं बोलतो आहे आणि एकानेही विश्वास ठेवलेला नाही.

नीना माझ्याशी बोलत नाही. सून बोलत नाही तेव्हा घरातला मायक्रोवेव्हसुद्धा मोठ्याने बंद होतो.

तुझा,
पंडितमामा

---

ॲन आर्बर,
१ मार्च २०२५

आदरणीय मामा,

नाही.

मामा, राग मानू नका, पण तुम्ही इतिहासकार नाही. एका रविवारी माणूस जेवून झोपला म्हणून तो १९७२ सालीही झोपला असेल, असं होत नाही. अशा लोकांना आयुष्यभर चौकशीची भीती असते. खरं कारण ते स्वतःलाही सांगत नाहीत. झोप हा त्यांनी घेतलेला आडोसा आहे. गाईड बाईंनाही असंच वाटतं.

चार वर्षं झाली मला यात. आई नागपूरला सगळ्यांना सांगते की माझी मुलगी एका शूर माणसावर पुस्तक लिहितेय. मी तिला काय सांगू, की तो जेवून झोपला होता?

मी शुक्रवारी येतेय. त्या दिवशी त्यांना दुपारी हलकं काहीतरी द्या. खिचडी वगैरे.

उपासना

---

नेपरव्हिल,
१४ मार्च २०२५

चि. उपासना,
जयभीम.

तू गेलीस त्याला आठवडा झाला. चहा न घेता गेलीस. नीनाने तुझ्यासाठी केलेली पाटवडी आम्ही दोन दिवस खाल्ली.

मी तुझा मामा आहे म्हणून लिहितो. तू त्यांच्यापुढे रेकॉर्डर ठेवलास आणि विचारलंस, ते उत्तर द्यायला लागले, तर तूच म्हणालीस, "नाही सर, तुम्हाला असं म्हणायचं नाहीये." एकदा नाही, पाच-सहा वेळा. शेवटी तर तू त्यांना समजावून सांगत होतीस, की त्यांच्या आयुष्यात काय झालं. तू गेल्यावर ते म्हणाले, "पंडित, पोरगी हुशार आहे. पण पक्षाचा चौकशी अधिकारी माझं बोलणं पुरतं ऐकून तरी घ्यायचा."

ते हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही.

आता इकडची बातमी. मंगळवारी व्यंकोजी स्वतः आपल्या दारात आले, नीनाकडे. मला वाटलं, भांडण. तर ते तिला म्हणाले, "मॅडम प्रेसिडेंट, तुमचा ठराव चांगला होता. वेळ चुकली. जेवणानंतर मत कधी घेऊ नये. आधी चर्चा, मग मत, मग जेवण. भुकेला माणूस पटकन हात वर करतो." नीनाने वही काढली! दोघं दोन तास बसले. कचऱ्याच्या डब्यांचा प्रश्न कसा सोडवायचा, विरोधकाला समितीत कसं घ्यायचं, पार्किंगवर जास्त ओरडणाऱ्याला पार्किंगचाच प्रमुख कसं करायचं. काल रात्री नीना जेवताना शैलेंद्रला म्हणाली, "ही इज अ जीनियस." ठराव पडला तरी त्या चार तक्रारी आहेतच, म्हणून अंजिराला तिने मार्चअखेरपर्यंत मुदत दिली आहे, तोवर थंडी कमी होतेच.

म्हणजे मी ज्यांच्यासाठी घरात शत्रुत्व घेतलं, ते आता सुनेचे सल्लागार आहेत आणि मी दोन्हीकडून संशयित. राजकारण यालाच म्हणतात.

त्यांना एक ओळ लिही. माझं ऐक.

तुझा,
पंडितमामा

---

ॲन आर्बर,
२० एप्रिल २०२५

आदरणीय मामा,
जयभीम.

उत्तराला उशीर झाला. आधी लाज वाटत होती, मग कामात होते. सोबत साहेबांसाठी वेगळं पत्र आहे. त्यात मी माफी मागितलीये. वाचून दाखवा, पण जेवणानंतर नको.

तुमच्या पत्रातलं ते चौकशी अधिकाऱ्याचं वाक्य मला झोपू देईना. मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. त्यात साहेबांपेक्षा मीच जास्त बोलतेय. मग मी परिषदेतलं भाषण बदललं. गाईड बाई "विचार कर" म्हणाल्या, मी केला आणि बदललंच. स्टेजवर जाऊन स्पष्ट सांगितलं: त्रबुहोविच झोपले होते. हे ते स्वतः म्हणतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

लोक हसले. छान वाटलं. मग एक प्राध्यापक उभे राहिले आणि म्हणाले, "फार सुंदर. म्हणजे झोपेचं सोंग हे सत्तेविरुद्धचं हत्यार होतं, असं तुम्ही मांडताय." मी म्हटलं, नाही, सोंग नाही, झोप. ते म्हणाले, "अर्थातच," आणि डोळा मारला. मग दुसऱ्या बाई. मग तिसरे. मामा, मी तिथे उभी राहून "खरंच झोप, खरंच झोप" म्हणत राहिले आणि प्रत्येक जण मला जास्तच हुशार समजत गेला. साहेबांची पन्नास वर्षं मला पाच मिनिटांत कळली.

त्या दिवशी ठरवलं, त्यांना साक्षीदार मिळवून द्यायचा. हात वर करणारे बहुतेक आता नाहीत. पण त्या हॉलमध्ये एक व्यक्ती अशी होती जिला मत नव्हतं: जी लिहून घेत होती ती. स्टेनोग्राफर. तेव्हा तेवीस वर्षांची होती. झाग्रेबला पाच-सहा जणांना मेल केले, दोघांनी उत्तर दिलं, आणि कळलं की त्या बाई मुलीकडे राहतात. कुठे? मिलवॉकीला! तुमच्यापासून दोन तासांवर. नाव येलेना.

मी फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, "तो जिवंत आहे?" मी हो म्हटलं. म्हणाल्या, "मग जे सांगायचं ते त्यालाच सांगेन, तुला नाही."

मेमध्ये त्यांची मुलगी त्यांना घेऊन येईल. माझ्या विद्यार्थ्यांचे पेपर तेव्हाच तपासायचे आहेत, मला निघता येणार नाही. तुम्ही बघा, मामा. आणि मला सगळं लिहा. या वेळी मी मधे बोलणार नाही.

तुमची,
उपासना

---

नेपरव्हिल,
१८ मे २०२५

चि. उपासना,
सप्रेम जयभीम.

येलेनाबाई काल येऊन गेल्या. जसं झालं तसं लिहितो.

आपल्याच डायनिंग टेबलावर बैठक होती. नीनाने तर्री-पोहे केले होते आणि सक्त सूचना होती, की बोलणं आधी, खाणं नंतर. व्यंकोजी सकाळपासून टाय लावून बसले होते. दोनदा टाय बदलून आले. बाई आल्या, लहानखुऱ्या, हातात काठी, केस पांढरेशुभ्र. दारातच थांबून त्यांनी साहेबांकडे खालून वर पाहिलं आणि इंग्रजीतच म्हणाल्या, "पोट तेच आहे." साहेब लाजले गं!

बसल्या. साहेबांनी घसा साफ केला. म्हणाले, "बाई, तुम्ही त्या दिवशी माझ्या मागे बसला होता. या लोकांना सांगा. मी झोपलो होतो का?"

बाई म्हणाल्या, "घोरत होतात."

साहेब उडालेच. "ऐकलंत? पंडित, ऐकलंस? मॅडम प्रेसिडेंट, ऐकलंत?" निवडणूक जिंकल्यासारखे प्रत्येकाशी हात मिळवायला लागले. बाईंच्या मुलीशीही मिळवला, ती बिचारी फोनवर होती. म्हणाले, "मग इतिवृत्तात 'शांत बसून होते' असं का लिहिलंत?" बाई म्हणाल्या, "घोरत होते असं लिहायला आमच्याकडे ठरलेला शब्द नव्हता." आम्ही इतके हसलो की शैलेंद्र वरून खाली आला.

हसणं संपलं. साहेब टेबलक्लॉथवरची घडी बोटाने सरळ करत राहिले. मग हळू विचारलं, "मी जागा असतो तर?"

बाईंनी लगेच उत्तर दिलं. "तर हात वर केला असतात. सगळ्यांच्या आधी."

मी नीनाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मला बाईंचा राग आला, खरं सांगतो. पण साहेबांनी मान डोलावली. म्हणाले, "हो. केला असता. त्यातला एक तर माझा मित्र होता. तरीही केला असता."

मग बाई म्हणाल्या, "अध्यक्षांनी पाहिलं होतं तुम्हाला. त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली, की पेन्सिलीने टोच आणि उठव. दोनदा केली. पेन्सिल माझ्या हातात होती. तुमची पाठ एवढी जवळ होती." त्यांनी टेबलावर हात पुढे करून दाखवलं, पोह्यांच्या भांड्याइतकी.

"मग?"

"मी खाली बघून लिहीत राहिले. मला मत नव्हतं. मला तिथे कोणी माणूस म्हणून मोजतच नव्हतं, टाईपरायटरच्या शेजारची वस्तू होते मी. पण वाटलं, या अख्ख्या हॉलमध्ये एक तरी हात खाली राहू दे. झोपेतला का होईना." मग म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी तुमची नोकरी गेली. तेव्हापासून मला वाटतं, त्या माणसाला विचारायला हवं, की रागावलात का."

व्यंकोजी उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, मी धरायला गेलो तर त्यांनी मला बाजूला केलं. टेबलाला वळसा घालून बाईंजवळ गेले, वाकले आणि त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "पन्नास वर्षं लोक मला याच हाताबद्दल जेवण देतायत. हा माझा नव्हताच."

बाई म्हणाल्या, "जेवण चांगलं असतं का?"

"उत्तम. या वर्षी तुम्ही चला. मी उभा राहून सांगेन."

"कोणी विश्वास ठेवणार नाही."

"नाही ठेवणार," साहेब म्हणाले. "पण आता आपण दोघं आहोत."

मग नीनाने पोहे वाढले. ती वाढताना नाक ओढत होती, म्हणाली तर्री तिखट झाली आहे. तर्री अजून कोणी घेतलीच नव्हती.

निघताना मी बाईंना विचारलं, इतकी वर्षं कोणाला सांगितलं का नाहीत? त्या म्हणाल्या, "सगळे त्यालाच विचारत होते. मला कोणी विचारलंच नाही. मिशिगनच्या त्या मुलीचा पहिलाच फोन." तू येशील तेव्हा तुझ्याशी सगळं बोलणार आहेत, रेकॉर्डर चालेल म्हणाल्या. मात्र आधी नीट ऐकून घ्यायचं, ही अट आहे. मी तुझ्या वतीने शब्द दिला आहे, मोडू नकोस.

तुझ्या आईला मी फोन केला. म्हटलं, रत्ना, पुस्तक शूर माणसावरच आहे, फक्त माणूस बदलला. तिने विचारलं, मग तो पोटवाला कुठे गेला? तेच मी व्यंकोजींना विचारलं: साहेब, तिसरं प्रकरण आता बाईंचं होणार, तुमचं काय? ते म्हणाले, "उपासनाला सांग, मला पानाच्या तळाशी टिपेत टाक. बारीक अक्षरात. तिथे कोणी फारसं येत नाही, निवांत पडता येईल."

तुझा,
पंडितमामा